परिस्थिती बदलली तरी सिस्टीम जुन्याच पर्यायाला चिकटून बसते: बँडिट अल्गोरिदमचं शिकणं ताजं कसं ठेवायचं?

शोधक_०७

ॲपच्या मुख्य पडद्यावर चार प्रकारच्या सूचनांपैकी कोणती दाखवायची, हे बँडिट अल्गोरिदम (पर्याय दाखवून बघत, मिळालेल्या निकालांवरून शिकत जाणारी पद्धत) ठरवतो. वापरणाऱ्याने सूचनेवर टॅप केलं तर रिवॉर्ड १, नाही तर ०. दिवसाला साधारण २,००० निर्णय होतात.

पद्धत एप्सिलॉन-ग्रीडी: एप्सिलॉन इतक्या वाट्याच्या निर्णयांत कोणताही पर्याय यादृच्छिकपणे, एरवी सर्वांत चांगली सरासरी असलेला. प्रत्येक पर्यायाची आजवरची साधी सरासरी साठवलेली आहे. एप्सिलॉन ०.२ पासून सुरू होतो आणि हळूहळू ०.०१ वर येऊन थांबतो. तीन आठवड्यांत टॅपचं प्रमाण स्थिरावलं: पहिला पर्याय ०.१२, दुसरा ०.०९, तिसरा ०.०८, चौथा ०.०७. तोपर्यंत पहिला पर्याय सुमारे ४०,००० वेळा दाखवून झाला होता.

मग पडद्याची मांडणी बदलली. ताजे लॉग पाहिले तर पहिल्या पर्यायाचं प्रमाण ०.०६ वर घसरलंय. आठवडा उलटला तरी सिस्टीम ९९ टक्क्यांहून जास्त वेळा तोच निवडते.

विचारायचं हे की एवढा ढिम्मपणा येतो कुठून? दर आठवड्याला सगळं पुसून नव्याने शिकवलं तर पुरेल का, की बदल ओळखणारी वेगळी यंत्रणा लावावी? आणि रोबोट बदलत्या जमिनीवर क्षणात जुळवून घेतात असं वाचनात येतं, तिथे हेच तंत्र असतं का?

---

सरकती_सरासरी

ढिम्मपणा साध्या सरासरीतच आहे, आणि तो कागदावर मोजता येतो.

साध्या सरासरीत नव्या निकालाचं वजन 'एक भागिले आजवरची संख्या' इतकं असतं. संख्या ४०,००० झाली की नवा निकाल सरासरीला चाळीस हजारांत एक इतकाच हलवतो. आता ही सरासरी ०.१२ वरून दुसऱ्या पर्यायाच्या ०.०९ पर्यंत उतरायला किती निकाल लागतील ते बघा. जुने ४०,००० निकाल ०.१२ चे, नवे ०.०६ चे. दोन्ही मिळून सरासरी ०.०९ यायची तर नवेही ४०,०००च हवेत. दिवसाला २,००० धरले तर २० दिवस. तुमचा तर आत्ता कुठे आठवडा झालाय. सिस्टीम जितकी जास्त दिवस नीट चालली असेल, तितकी ती बदलानंतर हट्टी ठरते.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे ठरावीक पायरी वापरणं:

नवा अंदाज = जुना अंदाज + अल्फा × (निकाल − जुना अंदाज)

अल्फा ०.०१ ठेवला तर प्रत्येक निकालागणिक जुन्या माहितीचा १ टक्का पुसला जातो, आणि तेच अंतर सुमारे ६९ निकालांत कापलं जातं. अल्फा ०.००१ असेल तर सुमारे ६९३.

मात्र वेग मिळतोय म्हणून सरळ ०.०१ लावू नका. ठरावीक पायरीचा अंदाज कधीच स्थिर होत नाही, खऱ्या मूल्याच्या आजूबाजूला डगमगत राहतो. त्या डगमगीचं प्रमाण विचलन (सरासरीपासूनच्या फैलावाचं माप) काढायचं तर अल्फा भागिले (२ − अल्फा) याला निकालांच्या प्रसरणाने (प्रमाण विचलनाच्या वर्गाने) गुणायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. ०.१२ प्रमाणाच्या हो-नाही निकालांचं प्रसरण ०.१२ × ०.८८, म्हणजे ०.१०५६. अल्फा ०.०१ ला डगमग येते ०.०२३, आणि तुमच्या पहिल्या दोन पर्यायांतलं अंतरच ०.०३ आहे. काहीही बदललेलं नसताना सिस्टीम इकडून तिकडे उड्या मारेल. ०.००१ ला डगमग ०.००७ वर येते, ती चालण्यासारखी आहे.

अल्फाचा आकडा अंदाजपंचे घेण्याची गरज नाही. गोंगाटातून बदलत्या मूल्याचा अंदाज घेणाऱ्या १९६० सालच्या काल्मन फिल्टरमध्ये याचं उत्तर आहे. खरं मूल्य प्रत्येक पावलाला थोडं थोडं भरकटतंय असं मानलं, तर भरकटणं लहान असताना योग्य अल्फा जवळपास 'एका पावलातलं भरकटणं भागिले एका निकालातला गोंगाट' इतका निघतो. तुमच्याकडे गोंगाट सुमारे ०.३२५ (वरच्या ०.१०५६ चं वर्गमूळ). टॅपचं प्रमाण १०,००० निर्णयांत साधारण ०.०३ ने सरकतं असं वाटत असेल, तर एका पावलाला ०.०३ भागिले १०० (दहा हजाराचं वर्गमूळ), म्हणजे ०.०००३. भागाकार जवळजवळ ०.००१. त्याच फिल्टरला 'जग अजिबात बदलत नाही' असं सांगितलं की पायरी हळूहळू शून्याकडे जाते, म्हणजे तुमची साधी सरासरीच. बदलाचा वेग गृहीत न धरणं हेसुद्धा एक गृहीतकच आहे, आणि तुमच्या सिस्टीममध्ये नेमकं तेच खोटं ठरलंय.

---

आकडेमोड

वरचा हिशेब बरोबर आहे, पण तो प्रश्नाच्या सोप्या अर्ध्या भागाचा. जो पर्याय रोज दाखवला जातो तो *बिघडला* तर लवकर कळतं, कारण त्याचे निकाल सतत येत असतात. जो दाखवला जात नाही तो *सुधारला* तर ते कळणार कुठून? सिस्टीमला फक्त स्वतः निवडलेल्या पर्यायाचाच निकाल दिसतो.

एप्सिलॉन ०.०१ म्हणजे दिवसाला २० यादृच्छिक निर्णय. ते चार पर्यायांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ५. समजा उद्या दुसरा पर्याय ०.०९ वरून ०.१५ वर गेला. अल्फा ०.००१ ने त्याचा अंदाज ०.१२ ओलांडायला सुमारे ६९३ निकाल हवेत. रोज ५ प्रमाणे १३९ दिवस. एप्सिलॉन ०.१ केला तर रोज ५० निकाल, म्हणजे १४ दिवस. पायरी तीच आणि गणितही तेच असताना एवढा फरक पडतो. म्हणून बदलत्या परिस्थितीत एप्सिलॉन उतरवत शून्याजवळ नेण्याची सवय सोडा. ती सवय न बदलणाऱ्या जगासाठीच्या उदाहरणांतून आलेली आहे. डीक्यूएन या २०१५ च्या गाजलेल्या व्हिडिओगेम शिकणाऱ्या प्रणालीतसुद्धा प्रशिक्षणात एप्सिलॉन १ पासून ०.१ पर्यंतच उतरवला होता, आणि पुढे तिथेच ठेवला.

न दाखवलेल्या पर्यायांवरच्या या पहाऱ्याची किंमतही काढून ठेवा. एप्सिलॉन ०.१ ला रोजचे २०० निर्णय यादृच्छिक, त्यांतले १५० कमी प्रतीच्या पर्यायांना जातात, सरासरी तोटा ०.०४. रोज ६ टॅप. एरवी रोज २४० टॅप मिळतात, म्हणजे अडीच टक्के. ही रक्कम कायमची खर्ची पडणार असं धरून चला, 'शिकून झालं की थांबवू' असं नाही.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे आणि वरच्या सल्ल्यातून निसटली. अल्फा ०.००१ म्हणजे साधारण शेवटच्या १,००० निकालांची आठवण. पहिल्या पर्यायाला रोज जवळपास २,००० निकाल मिळतात, म्हणजे त्याची आठवण अर्ध्या दिवसाची. दुसऱ्याला रोज ५०, म्हणजे त्याची २० दिवसांची. आता टॅपचं प्रमाण सकाळी जास्त आणि रात्री कमी असेल, चारही पर्यायांचं एकदमच, तर काय होईल? रात्री पहिल्याचा अंदाज खाली येईल, कारण तो फक्त गेल्या काही तासांचा आहे. दुसऱ्याचा अंदाज दिवसरात्रीची सरासरी धरून जागच्या जागी राहील. रात्री दहाला सिस्टीम दुसऱ्या पर्यायावर उडी मारेल, त्याला धडाधड निकाल मिळतील, तोही खाली येईल, मग तिसऱ्याची पाळी. पर्यायांचा क्रम जराही बदललेला नसताना रोज रात्री गोंधळ. पर्यायांची आठवण वेगवेगळ्या काळाची असेल तर त्यांची तुलनाच करता येत नाही. विसरणं घड्याळाने, म्हणजे एकूण निर्णयांच्या मोजणीने व्हायला हवं. त्या पर्यायाच्या स्वतःच्या मोजणीने नाही.

आठवड्याला पुसण्याबद्दल: दर सोमवारी शिकलेलं सगळं जातं आणि पहिले एकदोन दिवस चाचपडण्यात जातात. बदल बुधवारी संध्याकाळी झाला, तर तोवरच्या ६,००० निकालांवर मात करायला आणखी ६,००० लागतात, म्हणजे शनिवार उजाडतो. हातात फारसं काही येत नाही.

---

लॉगवाचक

बदल ओळखणाऱ्या यंत्रणेबद्दल. ती जरूर लावा, पण तिच्याकडून निर्णयाची नाही, फक्त खबर देण्याची अपेक्षा ठेवा.

सगळ्यात आधी एक साधी गोष्ट. मांडणी बदलणार हे माणसांना आधीच माहीत होतं. मग ते सिस्टीमपासून लपवून, आकड्यांवरून ओळखायला का लावायचं? नवी आवृत्ती लागली की त्याच क्षणी चारही पर्यायांच्या पुराव्याची संख्या दहा टक्क्यांवर आणा. सरासरी तीच ठेवायची, फक्त तिच्यावरचा विश्वास कमी करायचा. ४०,००० चे ४,००० झाले की साध्या सरासरीलाही २० ऐवजी २ दिवस लागले असते. मांडणी, भाषा, सूचनांचा मजकूर, वापरणाऱ्यांचा नवा गट, अशा माहीत असलेल्या बदलांची यादी करा आणि प्रत्येकाला ही क्रिया जोडा. उरलेल्या, न सांगता येणाऱ्या बदलांसाठी शोधयंत्रणा.

त्यासाठी १९५४ सालची क्यूसम पद्धत, म्हणजे अपेक्षेपासूनच्या फरकांची चालू बेरीज, आजही उत्तम चालते. मोजायचं काय, तर कच्चा रिवॉर्ड नाही. 'निकाल वजा त्या तासाचा अपेक्षित निकाल'. कच्चा रिवॉर्ड मोजलात तर रोज रात्री खोटी घंटा वाजेल. शंभर-शंभर निकालांचे गट करा. ०.१२ प्रमाणाला शंभराच्या गटाच्या सरासरीचं प्रमाण विचलन ०.०३२५ येतं, त्याने भागून फरक प्रमाणित करा. मग दोन बेरजा चालू ठेवायच्या, एक वाढीसाठी, एक घटीसाठी. प्रत्येक गटानंतर फरकातून ०.५ वजा करून बेरजेत मिळवायचं, बेरीज ऋण झाली तर शून्य धरायची, आणि ती ५ च्या वर गेली की घंटा.

या मर्यादांना काहीच बदललेलं नसताना सरासरी ४६५ गटांनी एक खोटी घंटा वाजते. तुमच्याकडे दिवसाला सुमारे २० गट, म्हणजे साधारण २३ दिवसांनी एक. मर्यादा ५ ऐवजी ४ केली तर खोटी घंटा १६८ गटांनी, आठवड्यातून एकदा; एवढ्या वेळा वाजली की लोक तिच्याकडे बघणं सोडतात. ०.१२ वरून ०.०६ ची घसरण म्हणजे १.८५ प्रमाण विचलनं. ती चार-पाच गटांत पकडली जाते, सहा तासांच्या आत. वर सांगितलेली विषमता मात्र इथेही आहे. न दाखवलेल्या पर्यायाचे गटच भरत नाहीत, त्यामुळे त्याच्यातली सुधारणा क्यूसमलाही दिसत नाही.

घंटा वाजल्यावर लगेच काही पुसू नका. आधी डेटाची नळी तपासा, कारण पुष्कळदा जग बदललेलं नसतं, मोजणी बदललेली असते. टॅपच्या नोंदीचं नाव बदललं, टाइमझोन बदलला, रिकाम्या जागी शून्य भरलं गेलं, निकाल उशिरा यायला लागले. ओळखायची खूण अशी: चारही पर्याय एकाच वेळी, एकाच पटीत घसरले तर पहिला संशय नोंदीवर घ्या. एकच पर्याय घसरला आणि बाकीचे जागेवर राहिले तर बदल खरा असण्याचीच शक्यता जास्त.

उशिरा येणाऱ्या निकालांचा वेगळा इशारा. टॅप लगेच कळतो, पण रिवॉर्ड 'दोन दिवसांत खरेदी झाली का' असा असेल, तर निकाल येईपर्यंत तिथे शून्य धरण्याचा मोह होतो. तसं केलं की नुकताच दाखवायला लागलेला पर्याय नेहमीच वाईट दिसतो आणि सिस्टीम त्याला दोन दिवस पुरे व्हायच्या आत टाकून देते. मुदत पूर्ण झालेले निर्णयच हिशेबात घ्या, मग ते चांगले असोत की वाईट.

---

शोधक_०७

अल्फा आणि घड्याळाने विसरणं, दोन्ही पटलं. पण एप्सिलॉन ०.१ ला चारही पर्याय सारखेच चाचपले जातात. चौथा पर्याय उघड मागे असताना त्यालाही तेवढाच वेळ द्यायचा? थॉम्पसन सॅम्पलिंगमध्ये (प्रत्येक पर्यायाच्या अंदाजातून नमुना काढून निवडण्याच्या पद्धतीत) विसरणं कसं बसवतात, नेमके आकडे काय ठेवावेत?

---

आकडेमोड

हो, तुमच्यासाठी तेच योग्य. थॉम्पसन सॅम्पलिंगची मूळ कल्पना १९३३ ची. त्यात विसरणं असं बसवायचं:

१. प्रत्येक पर्यायासाठी दोन अपूर्णांकी आकडे ठेवा, यश आणि अपयश. सुरुवात यश १, अपयश ९.

२. निर्णयाच्या वेळी प्रत्येक पर्यायाच्या बीटा वितरणातून (यश-अपयशावरून खरं प्रमाण किती असू शकेल हे सांगणाऱ्या) एक नमुना काढा. ज्याचा नमुना सर्वांत मोठा, तो दाखवा.

३. निकाल आल्यावर *चारही* पर्यायांचे दोन्ही आकडे गॅमाने (१ हून किंचित कमी, विसरण्याचा वेग ठरवणारा आकडा) गुणा आणि त्यांत (१ − गॅमा) × सुरुवातीचा आकडा मिळवा.

४. जो दाखवला त्याच्या यशात किंवा अपयशात १ मिळवा.

सगळी गंमत तिसऱ्या पायरीत आहे. बरेच दिवस न दाखवलेल्या पर्यायाचा पुरावा विरत जातो, त्याचं वितरण पसरतं, आणि कधीतरी त्याचा नमुना मोठा येऊन तो आपोआप पुन्हा तपासला जातो. जवळच्या स्पर्धकाची पाळी वारंवार येते, लांब मागे पडलेल्याची क्वचित. आणि सगळ्यांचं विसरणं एकाच घड्याळावर चालतं, त्यामुळे रात्रीचा तो गोंधळ बराच आटोक्यात येतो.

गॅमा ०.९९९८ पासून सुरुवात करा. त्याची आठवण ५,००० निर्णयांची, म्हणजे तुमच्याकडे अडीच दिवसांची. जुना पुरावा निम्मा व्हायला पावणेदोन दिवस लागतात. ०.९९९ घेतला तर आठवण अर्ध्या दिवसाची होईल आणि सिस्टीम सकाळ-संध्याकाळच शिकत बसेल. आठवण नेहमी एका पूर्ण चक्रापेक्षा बरीच मोठी हवी. कामाचे दिवस आणि सुट्टी यांत फरक पडत असेल तर आठवडा हे चक्र धरा, किंवा वार आणि तास मॉडेलला वेगळे संदर्भ म्हणून द्या.

दोन ठिकाणी हमखास चूक होते. एक, सुरुवातीचे आकडे १ आणि १ ठेवणं. त्याची सरासरी ०.५, आणि तुमचे पर्याय ०.१ च्या आसपासचे. विसरलेला प्रत्येक पर्याय ०.५ कडे झुकतो आणि फार आशादायक दिसू लागतो, मग तो निकामी आहे हे सिद्ध करण्यात पुन्हा पुन्हा निर्णय वाया जातात. १ आणि ९ म्हणूनच सुचवले. दोन, निकाल दिवसातून एकदा गठ्ठ्याने येत असतील तर गॅमाही एकदाच लावला जातो. २,००० निर्णयांचा गठ्ठा असेल तर गॅमाचा २,००० वा घात लावायला हवा, तो येतो ०.६७. एकदाच ०.९९९८ ने गुणलंत तर विसरणं जवळपास बंदच पडतं आणि मूळचा ढिम्मपणा परत येतो.

एक मर्यादा मात्र कोणताही अल्गोरिदम ओलांडू शकत नाही. ०.०९ आणि ०.१२ यांतला फरक नेहमीच्या खात्रीने, म्हणजे नसलेला फरक दिसण्याची ५ टक्के आणि असलेला फरक पकडण्याची ८० टक्के शक्यता धरून ओळखायला, दर पर्यायाला सुमारे १,७०० निकाल लागतात. दिवसाला २,००० निर्णय असताना चार पर्यायांतले असे बारीक फरक रोजच्या रोज बदलत असतील, तर त्यांचा पाठलाग करण्यात अर्थ नाही. तिथे पर्याय कमी करा, किंवा रिवॉर्ड बदलून जास्त माहिती देणारा निवडा.

---

चौपाया

रोबोटबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. तिथे बहुतेक वेळा धावताना शिकणं चालू नसतंच. न्यूरल नेटवर्कची वजनं (शिकलेले आकडे) गोठवलेली असतात. जुळवून घेणं होतं ते स्मृतीतून.

२०२१ मध्ये आलेली आरएमए (रॅपिड मोटर अडॅप्टेशन) पद्धत याचं स्वच्छ उदाहरण आहे. चार पायांच्या रोबोटसाठी दोन भाग प्रशिक्षित केले. एक चालवणारा, सेकंदाला १०० वेळा सांध्यांना आज्ञा देणारा. दुसरा ओळखणारा, सेकंदाला १० वेळा चालणारा. गेल्या अर्ध्या सेकंदात कोणत्या आज्ञा दिल्या आणि शरीर प्रत्यक्षात कसं हललं, एवढ्यावरून तो परिस्थितीचं आठ आकड्यांत वर्णन करतो. पाय घसरला, पाठीवर ओझं आलं, की ते आठ आकडे बदलतात आणि चालवणारा भाग त्यानुसार पाऊल टाकतो. घर्षण, वजन, मोटारीची ताकद हे सगळं सिम्युलेशनमध्ये आधीच हजारो तऱ्हांनी बदलून दाखवलेलं असतं. प्रत्यक्ष जमिनीवर नवीन काही शिकलं जात नाही, 'यांतली कोणती परिस्थिती आहे' एवढंच ओळखलं जातं.

ओपनएआयच्या २०१९ च्या रुबिक क्यूब सोडवणाऱ्या यांत्रिक हाताचंही तसंच. स्मृती असलेलं नेटवर्क आणि सिम्युलेशनमध्ये आपोआप वाढत जाणारी विविधता. हातावर रबरी मोजा चढवला तरी तो काम करत राहिला. तरी सर्वांत अवघड मांडणी तो सुमारे २० टक्के वेळाच पूर्ण सोडवू शकला.

म्हणजे दोन वेगळे काळ आहेत. सेकंदांत होणारा बदल स्मृतीने किंवा संदर्भाने झेलायचा, दिवसांत होणारा बदल वजनं किंवा सरासऱ्या बदलून. रोबोटचा वेग बघून बँडिटचा अल्फा वाढवू नका, त्या वेगामागे सिम्युलेशनमधला प्रचंड सराव असतो. आणि सरावाच्या कक्षेबाहेरची परिस्थिती आली की तो वेगही कामाचा राहत नाही: ओळखणारा भाग माहितीतलंच काहीतरी जवळचं वर्णन देतो, तेही पूर्ण आत्मविश्वासाने. म्हणून कक्षेबाहेर गेल्याची वेगळी तपासणी आणि थांबण्याची सुरक्षित कृती हवीच. तुमच्याकडे त्या जागी 'काहीच कळत नसेल तर चारही पर्याय सारखे दाखव' हा नियम चालेल.

एक सावधगिरी. ताज्याच डेटावर नेटवर्क पुन्हा शिकवत राहिलात तर जुन्या परिस्थिती पुसल्या जातात, आणि त्या परत आल्या की सगळं पहिल्यापासून. प्रशिक्षणाच्या प्रत्येक गठ्ठ्यात निम्मा ताजा आणि निम्मा जुन्या वेगवेगळ्या काळांतला डेटा ठेवणं ही साधी सोय बऱ्यापैकी चालते.

---

उलटी_दिशा

अजून कोणी विचारलं नाही ते विचारतो: पहिला पर्याय मांडणीमुळेच घसरला याची खात्री आहे का? त्याच माणसांना तीच सूचना चाळीस हजार वेळा दाखवली गेलीये. दाखवल्यामुळेच पर्याय जुना होतो, म्हणजे इथे बदलाचं कारण तुमचाच निर्णय असू शकतो.

तपासणं सोपं आहे. घसरण वापरणाऱ्याने तो पर्याय आधी किती वेळा पाहिलाय त्यानुसार तोडा: १ ते ५, ६ ते २०, २० च्या वर. तिन्ही गटांत सारखी घसरण आणि तीही एकाच दिवसापासून, तर मांडणी. फक्त २० च्या वरच्या गटात आणि हळूहळू, तर कंटाळा. कंटाळा असेल तर कोणत्याही गॅमाने प्रश्न सुटत नाही. सिस्टीम दुसऱ्या पर्यायावर जाईल, तो शिळा करेल, मग तिसऱ्यावर. 'आधी किती वेळा पाहिलं' हा संदर्भ म्हणून मॉडेलला द्यावा लागतो.

निर्णयांनी परिस्थिती बदलते तिथे झोके येणं हा नेहमीचा रोग आहे. वाहनांना मार्ग सुचवताना दहा मिनिटं जुन्या माहितीवर सगळ्यांना मोकळ्या रस्त्यावर पाठवलं की तो तुंबतो, मग सगळे परत पहिल्यावर. तिथे 'सर्वोत्तम एकच' न निवडता वाटा प्रमाणात द्यायचा, आणि एका फेरीत कोणाचाही वाटा समजा ५ टक्क्यांहून जास्त हलू द्यायचा नाही. माहितीला जितका उशीर, तितकी ही मर्यादा कडक.

---

शोधक_०७

पाहण्याच्या संख्येनुसार तोडून पाहिलं. तिन्ही गटांत घसरण आहे, मांडणी बदलल्याच्या दिवसापासूनच. शेवटचं एक: गॅमा आणि सुरुवातीचे आकडे थेट लावण्याआधी जुन्या लॉगवर चालवून तपासता येतील का?

---

लॉगवाचक

तुमच्या सध्याच्या लॉगवर जवळपास नाही. जुन्या लॉगवर नवं धोरण तपासताना प्रत्येक निकालाला 'एक भागिले तो पर्याय त्या वेळी निवडला जाण्याची संभाव्यता' इतकं वजन द्यावं लागतं. एप्सिलॉन ०.०१ असताना दुसरा पर्याय निवडला जाण्याची संभाव्यता ०.००२५, म्हणजे वजन ४००. त्याचा एक योगायोगाचा टॅप ४०० टॅप म्हणून मोजला जाईल आणि उत्तर रोज वेगळं येईल. सुरुवातीच्या दिवसांतला, एप्सिलॉन ०.२ च्या जवळचा भाग वापरता येतो. तिथे वजन २० आहे. पण तो जुन्या मांडणीचा.

म्हणून असं करा. आजपासून प्रत्येक निर्णयासोबत निवडलेला पर्याय, त्या क्षणीची त्याची संभाव्यता, तास, वार, मांडणीची आवृत्ती आणि वापरणाऱ्याने आधी किती वेळा पाहिलंय, हे सगळं नोंदवा. थॉम्पसनमध्ये संभाव्यता थेट मिळत नाही. त्याच आकड्यांवरून १,००० वेळा नमुने काढा आणि कोणता पर्याय किती वेळा जिंकतो ते मोजा. कोणाचीही संभाव्यता ०.०२ च्या खाली जाऊ देऊ नका, म्हणजे वजन ५० च्या वर जात नाही. निवड मात्र या मर्यादा घातलेल्या संभाव्यतांवरूनच व्हायला हवी, नाहीतर नोंद आणि प्रत्यक्ष वागणं यांचा मेळ बसणार नाही. आधी १० टक्के निर्णय नव्या धोरणाकडे द्या, पूर्ण दोन आठवडे, म्हणजे दोन्ही सुट्ट्यांचे दिवस त्यात येतील. तेवढ्या १० टक्क्यांत रोज २००च निर्णय होतात, त्यामुळे तिथे गॅमा ०.९९८ ठेवा, आठवण तीच अडीच दिवसांची राहील. सगळे निर्णय नव्या धोरणाकडे वळवताना तो परत ०.९९९८ करायला विसरू नका.